फाईल उतरली, पण थांबली नाही

टोरंटवरून सिनेमा उतरवून झाला होता, तरी लॅपटॉपवरचे आकडे हलतच होते. मामांनी विचारलं, "आता काय चाललंय?"

"सीडिंग," भाची म्हणाली. "माझ्याकडचे तुकडे इतरांकडे जातायत."

ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. मामांनी तीस वर्षं सिनेमांचं साउंड केलेलं. उतरवलेला सिनेमा मराठी, १९७४ चा. त्याची डीव्हीडी नाही, तो कुठल्या ओटीटीवरही नाही.

"म्हणजे तू नुसता घेतला नाहीस, वाटायलाही बसलीस."

टोरंटची मेख इथेच आहे. मोठ्या फाईलचा सगळा भार एकाच सर्व्हरवर पडू नये म्हणून ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरंट रचलं. फाईलचे तुकडे होतात आणि ज्याच्या हाती जो तुकडा येतो, तो त्याच्याकडून पुढे जाऊ लागतो. 'मी फक्त पाहिला' ही सबब म्हणूनच इथे लंगडी पडते.

भाचीने 'द पायरेट बे' या टोरंट साइटचा दाखला दिला. "त्यांच्या सर्व्हरवर एकही सिनेमा नव्हता, मामा. कोणाकडे काय आहे, एवढंच ते सांगायचे. वाट सांगणारा चोर कसा?"

स्टॉकहोमच्या न्यायालयाने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं आणि कॉपीराइटभंगाला साहाय्य केल्याबद्दल साइटशी संबंधित चौघांना एकेक वर्ष कैद आणि ३ कोटी क्रोनर भरपाई सुनावली. पुढे अपिलात शिक्षा घटल्या, भरपाई मात्र वाढली.

"एकदा वाट सांगितली तर मीही त्याला चोर म्हणणार नाही," मामा म्हणाले. "पण रोज त्याच घराची वाट सांगायची, वर जाहिरातींचे पैसे घ्यायचे आणि मालक ओरडला तरी ऐकायचं नाही? 'उडता पंजाब' १७ जून २०१६ ला लागणार होता. दोन दिवस आधीच तो नेटवर आला, सेन्सरसाठीच्या प्रतीची खूण तशीच ठेवून. शेकडो माणसांची मेहनत असते त्यात."

"मान्य. पण या सिनेमाचे पैसे देते म्हटलं, तर कोणाला देऊ?"

मामा गप्प झाले. त्या सिनेमाचं साउंड त्यांच्या गुरूंनी केलं होतं, आणि गेल्या कित्येक वर्षांत मामांनाही तो पाहायला मिळाला नव्हता.

भारतात सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षं टिकतो. १९३६ चा 'संत तुकाराम' आज टोरंटवरून खुशाल वाटावा. इंटरनेट आर्काइव्ह २०१२ पासून आपला संग्रह टोरंटनेही देतं, तेव्हा दोष त्या तंत्रात नाही. अडतं ते मधल्या, कॉपीराइट असूनही कुठे न मिळणाऱ्या सिनेमांपाशी. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ नव्या सिनेमाला आणि विस्मरणात गेलेल्या सिनेमाला एकाच मापाने मोजतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद. मालकाने काम दडपून ठेवलं तर सक्तीचा परवाना मागायची सोय कलम ३१ मध्ये आहे, पण एका सिनेमासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टोरंट साइट्सच्या नव्या नावाने उगवणाऱ्या प्रतीही झटपट बंद करायची वाट करून दिली. बंद करायची घाई आहे, उघडायची नाही. हा अन्याय आहे.

"सीडिंग थांबव," शेवटी मामा म्हणाले. "आणि निर्मात्याच्या घरच्यांचा पत्ता शोध. आपण दोघं जाऊ. रिळं अजून असतील, तर ती खराब होऊन आंबूस वास सुटायच्या आत कॉपी करून घ्या, विकायला ठेवा, असं सांगू."

भाचीने सीडिंग थांबवलं. तो सिनेमा १ जानेवारी २०३५ रोजी सगळ्यांचा होईल.