सोसणाऱ्याचा रक्तदाब

सोनईच्या शिवारात रक्तदाब तपासायला आपणहून जाणारा माणूस विरळा. ऊस तुटायला उशीर झाला, मुळा कालव्याच्या पाण्याचं आवर्तन लांबलं, मार्चअखेर सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करावं लागलं, तरी 'मला काही होत नाही' हेच उत्तर. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नका. मला त्या 'काही होत नाही'चीच काळजी वाटते.

1973 साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूची द्रव्यं जिथे चिकटतात ते रिसेप्टर दाखवून दिले. झाडाच्या चिकासाठी मेंदूत जागा कशाला? दोनच वर्षांत स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना उत्तर सापडलं: मेंदू स्वतःच तशी द्रव्यं बनवतो. या द्रव्यांचं काम वेदना शमवण्यापुरतं नाही. मानेतल्या धमनीकडून रक्तदाबाची खबर मस्तिष्कपुच्छात जिथे पोचते, तिथेही हे रिसेप्टर आहेत. सोसणं आणि रक्तदाब यांच्या वाटा तिथे एकमेकींत मिसळतात.

1980 साली झमीर आणि शूबर या संशोधकांनी दाताच्या गाभ्याला विजेची सौम्य उत्तेजना देऊन पाहिली. उच्च रक्तदाब असलेल्यांना वेदना उशिरा जाणवली. पुढे 1985 मध्ये मॅककबिन आणि सहकाऱ्यांनी तरुणांना अफूचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन देऊन तोंडी हिशेबांचा ताण दिला. ज्यांचा एरवीचा दाब कमी, त्यांचा दाब औषधानंतर जास्त चढला. ज्यांचा मुळातच जास्त, त्यांच्यात फरक पडला नाही. म्हणजे पहिल्यांच्या अंगात ताणाला आवरणारा लगाम होता, दुसऱ्यांचा सैल पडला असावा.

मग लगाम सैल असलेल्याला वेदना कमी का? इथे कोडं आहे, आणि ते पुरतं सुटलेलं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की चढलेला दाबच वेदना बोथट करतो. यावरून काहींनी असा तर्क मांडला की ताणात वाढलेला दाब शरीराला क्षणभर दिलासा देतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा तिकडेच वळतं. हा तर्क मला पटतो. आपण ज्याला खंबीर म्हणतो, त्याच्या न कुरकुरण्याची किंमत त्याच्या धमन्या मोजत असतील.

मेंदूतून रक्तदाब उतरवण्याचं मोठं काम महाराष्ट्रातही झालं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ही मुळी जगभर पोचली. पण तिच्यातल्या रेसरपिनने काही रुग्णांना गाढ औदासीन्य आलं. मन आणि नाडी यांची गाठ इतकी घट्ट असताना अफूसारख्या द्रव्याने दाब उतरवायचा विचार तर नकोच. त्यात व्यसनाचा फास आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 24 टक्के पुरुषांत आणि 21 टक्के स्त्रियांत रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी गोळ्या चालू होत्या. दुखत नाही म्हणून थांबायचं, तर यातले कितीतरी जण दवाखान्यात येणारच नाहीत. रक्तदाब मोजायचा पट्टाच त्यांच्याकडे न्यायला हवा: ऊसनोंदीच्या टेबलाशी, सोसायटीच्या दारात आणि तोडणी कामगारांच्या कोप्यांवर. मुकादमाची उचल फेडायची असते, खाडा परवडत नाही. तिथली बाई डोकं दुखतंय हेसुद्धा पट्टा पडल्यावरच सांगते.