सापळा आणि सापळा मांडणारा

गेल्या दिवाळींत आम्ही भाऊबीजेस कोंकणांत बहिणीकडे गेलों होतों. घर अगदीं खाडीच्या कांठीं. भाचा अकरा वर्षांचा. त्यानें एका दुपारीं कोळंबी धरण्याचा सापळा केला. प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीचा गळ्याकडील भाग कापून तो उलटा आंत बसविला, कडा नायलॉनच्या दोऱ्यानें शिवली, तापविलेल्या खिळ्यानें चोहोंकडे भोंकें पाडलीं, आंत माशाचें डोकें व एक दगड घातला, आणि तिन्हीसांजेस तो उथळ पाण्यांत सोडला. सकाळीं आंत ओंजळभर कोळंबी सांपडली. ती आम्हींहि आवडीनें खाल्ली, हें प्रथमच सांगून टाकतों.

त्याच संध्याकाळीं सापळा पुन्हां पाण्यांत गेला, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे सारी मंडळी कुलदेवतेच्या दर्शनास निघाली. परतण्यास आठ दिवस लागले. तोंपर्यंत सापळ्याची आठवण कोणासच राहिली नव्हती. वर काढला तेव्हां आंतील कोळंबी मरून कुजली होती, आणि त्या वासानें मागाहून शिरलेला एक लहानसा खेंकडा भिंतीशीं धडपडत होता. त्याला सोडून दिल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आपण तर इथं नव्हतोंच. मग ह्यांना मारलं कोणीं?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. गळ टाकणारा मनुष्य पाण्याकडे डोळे लावून बसतो. पुरेसें मिळालें कीं उठतो, दया आली तर लागलेला मासा सोडूं शकतो. सापळ्याला पुरें म्हणणें ठाऊक नाहीं. बांबूच्या कामट्यांचा जुना सापळा घ्या कीं ही बाटली घ्या, युक्ति एकच: तोंड बाहेरून पसरट, आंत निमुळतें. आंत येणाऱ्या जीवाला तिरकी भिंतच वाट दाखविते. बाहेर जाऊं पाहणारा भिंतीभिंतीनें चांचपडत फिरतो, आणि वाट मात्र मधोमध, अधांतरीं असते.

कोणी म्हणेल, कोळंबी आपल्याच पायांनीं आंत आली; तिला लोभाचें फळ मिळालें. परंतु तो लोभ नव्हे, भूक होती. आणि जेथें येण्याची वाट मुद्दाम सोपी व जाण्याची मुद्दाम अवघड केली, तेथें दुसऱ्याच्या 'आपखुषी'चें नांव घेण्याचा हक्क ती वाट करणाऱ्यास उरत नाहीं. एवढ्याशा जीवाला दुःख तें कसलें, असेंहि आतां सहज म्हणवत नाहीं. ब्रिटननें २०२२ सालीं केलेल्या कायद्यांत संवेदनाक्षम प्राण्यांमध्यें कोळंबी व खेंकडे यांचाहि समावेश केला आहे.

कोणीं कोळंबी धरूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तें आमच्या तोंडीं शोभणारहि नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, हाताचें काम युक्तीवर सोंपविल्यानें जबाबदारी हलकी होत नाहीं, उलट वाढते; कारण आपण नसतांना काय घडेल, याचा विचार अगोदरच करावा लागतो. सावकार झोंपला तरी चक्रवाढ व्याज जागेंच असतें. कुळ देशोधडीस लागल्यावर "मीं तर कांहींच केलें नाहीं" हें उत्तर सावकारास पुरत नाहीं.

समुद्रांत दोर तुटून हरवलेले पिंजरे मालकावांचून मारीत राहतात. आंत मेलेले जीव नव्यांना आमिष होतात. म्हणून अमेरिकेंतील अलास्का राज्यांत असा नियम आहे कीं, अशा पिंजऱ्याच्या जाळीला एक चीर ठेवावी व ती सुती दोऱ्यानें शिवावी. पिंजरा हरवला तर दोरा पाण्यांत कुजतो, चीर उघडते, आणि आंतील जीवांना वाट मिळते. मनुष्य विसरतो, याची ती प्रामाणिक कबुलीच आहे.

हें आम्हीं भाच्याला सांगितलें. त्यानें नायलॉनचा दोरा उसवला आणि आईच्या डब्यांतून सुती दोरा मागून आणला. शिवतां शिवतां त्यानें विचारलें, "हा किती दिवसांत कुजेल?"

"तें नक्की सांगतां येत नाहीं," आम्ही म्हणालों, "म्हणून रोज सकाळीं जाऊन पाहावयाचें."