मोजपट्टी कुणाला लावायची?

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या छात्राला ‘प्लीब’ म्हणतात. वरिष्ठाने दरडावून विचारलं, की परंपरेने त्याला चारच उत्तरांची मुभा: होय सर, नाही सर, सबब नाही सर, समजलं नाही सर. चुकीचा धनी तोच, हे आधीच ठरलेलं. हे गृहीतक ढळायला फार काळ लागला.

मोजमाप तिथे फार पूर्वीपासून होतं. १८१७ ते १८३३ या काळात अधीक्षक असलेल्या सिल्वानस थेअर यांनी छोट्या तुकड्या पाडल्या. छात्राने रोज फळ्यापाशी उभं राहून उत्तर द्यायचं आणि रोज गुण मिळवायचे. गुणांप्रमाणे तुकडी बदले. चूक आज झाली तर आजच कळे. वर्गात हे चोख चाललं. बराकीत मात्र रॅगिंग माजलं. १९००-०१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याची चौकशी केली, तेव्हा साक्षीदारांमध्ये स्वतः छळ सोसलेला डग्लस मॅकार्थर हा छात्रही होता. पुढे १९१९ मध्ये तोच अधीक्षक झाला आणि नवख्यांचं उन्हाळी प्रशिक्षण त्याने वरिष्ठ छात्रांकडून काढून अधिकाऱ्यांच्या हाती दिलं. त्याची पाठ फिरताच बरंच काही पूर्वपदावर आलं.

असं का झालं, हे सांगायला नंतरची परिभाषा उपयोगी पडते. विमानवेधी तोफांच्या नेमाचा अभ्यास केलेल्या नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये फीडबॅकची, म्हणजे परिणाम पाहून पुढची कृती सुधारण्याची, कल्पना यंत्रं आणि सजीव, दोघांनाही लावली. जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये ती कारखान्याच्या कारभाराला लावली. त्या नजरेने बराकीकडे पाहिलं, की चक्र उघड दिसतं: आज सोसणारा उद्या वरिष्ठ होतो आणि सोसल्याची वसुली पुढच्या तुकडीकडून करतो. मॅकार्थरने माणसं बदलली, चक्र तसंच राहिलं.

१९९० मध्ये अकादमीने प्लीबकेंद्री जुनी पद्धत मोडून चारही वर्षांसाठी नेतृत्वविकासाचा आराखडा आणला. त्यात दुसऱ्या वर्षाच्या छात्राकडे टीम लीडर म्हणून एक-दोन प्लीब सोपवले जातात. प्लीबचे बूट मळके असले, तर आता प्रश्न त्याच्या टीम लीडरलाही विचारला जातो. सिस्टिम्स इंजिनीअरिंगचा पहिला धडा हाच: व्यवस्थेची हद्द आधी आखा. शिकवणारा त्या हद्दीबाहेर राहिला, तर सगळा दोष शिकणाऱ्याच्या माथी बसतो.

अर्थात फीडबॅकच्या या मॉडेललाही मर्यादा आहेत. याच अकादमीतल्या अकरा हजारांहून अधिक छात्रांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या खडतर उन्हाळ्यात कोण टिकेल, याचा अंदाज चिकाटीवरून बांधता आला. शैक्षणिक गुणांचा अंदाज मात्र बुद्धिमत्तेवरून अधिक नेमका आला. म्हणजे मोजायचं काय, हे मॉडेल ठरवत नाही, ते माणसांनीच ठरवावं लागतं. शिवाय तोफेचा नेम चुकला तर लगेच कळतं. अधिकारी घडवताना झालेली चूक वर्षांनंतर, तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावर कळते. म्हणून उन्हाळ्याअखेर किती जण टिकले, एवढ्या आकड्यावर समाधान मानणं धोक्याचं. टिकलेल्यांच्या हाती वर्षभराने नवखे सोपवल्यावर ते कसे वागतात, ते पाहिल्याशिवाय पहिल्या वर्षाचा निकाल लावू नये.