पावाची किंमत

प्रिय धर्मग्रामस्थहो,

पावसात हिंदमाताला पाणी तुंबले की ते साऱ्या मुंबईला दिसते. थंडीत इथेच धूर साचतो, तो मात्र आपल्या वयस्कर माणसांच्या छातीलाच कळतो. एका आजींना घरी कम्युनियन द्यायला गेलो होतो, तर खिडक्या बंद. खाली बेकरी. "फादर, पहाटे भट्टी पेटली की मी उठून बसते. झोपून श्वास घेता येत नाही," त्या म्हणाल्या.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर आणण्याचा आदेश दिला. मला आनंद झाला आणि पाव घेताना तो मी बोलूनही दाखवला. मालक म्हणाला, "भंगाराचं लाकूड स्वस्त, म्हणून पाव स्वस्त. लादीला चार रुपये जास्त द्याल, फादर?" मी गप्प बसलो. मागे माणसे खोळंबली होती, हे निमित्त.

इथे प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकात मिसळतो. धूर थांबावा का? याबद्दल मला शंका नाही. रंग-पॉलिश लागलेले जुने लाकूड जळते तेव्हा त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोल उतरतात. मालकाची अडचण आहे म्हणून आजींचे फुप्फुस त्याला सवलत देत नाही. दुसरा प्रश्न अवघड. किंमत कोणी भरायची?

परळ-लालबागला हा प्रश्न नवा नाही. गिरण्यांच्या धुराविरुद्ध १९१२ साली कायदा झाला. १९१५ साली खोपोलीची वीज आली आणि गिरण्या कोळशाच्या वाफेवरून विजेवर येऊ लागल्या. आणखी वीज हवी म्हणून मुळशीला धरण ठरले. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी गावे बुडालीच. आपल्या धुराड्यांचे मोल त्यांच्या भातखाचरांनी दिले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, असे मांडले. श्रीमंत राष्ट्रांबद्दल हे वाचताना आपण माना डोलावतो. वडापाववर दुपार काढणाऱ्या हमालावर चार रुपयांचा बोजा पडावा असे मलाही वाटत नाही. भट्टी बदलण्याच्या खर्चाला सरकारने हात लावायला हवा. पण ज्यांना परवडते त्यांचे काय? आपल्या हॉलमध्ये लग्नाच्या दिवशी दुपारपासून रिकाम्या खुर्च्यांवर एसी चालतो. मुंबईच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशाचाच. म्हणजे आपलीही भट्टी आहे, फक्त ती ट्रॉम्बे-डहाणूच्या कुणाच्या खिडकीखाली आहे.

त्या मालकाने कर्ज काढून गॅसची भट्टी बसवली. पाव महागला, गिऱ्हाइके वळली. त्यांत आपलीही काही घरे आहेत. आजींची खिडकी आता उघडी असते.

सणाच्या जेवणाच्या पावासाठी दोन दरपत्रके आली आहेत. आज दुसऱ्या मिस्सेनंतर पॅरिश कौन्सिल बसेल. महागडे दरपत्रक कोणाचे, हे सांगायला नको.

तुमचा,
फादर