हक्क घटनेत, दार दिल्लीत

भामरागडमधल्या एखाद्या माणसाचा मूलभूत हक्क सरकारी यंत्रणेने डावलला, तर त्याने दाद कुठे मागायची? कागदावरचे उत्तर सरळ आहे. अनुच्छेद 32 नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात किंवा अनुच्छेद 226 नुसार उच्च न्यायालयात. म्हणजे दिल्ली, नाहीतर नागपूर. त्यात वकिलाची फी आली आणि बुडालेली मजुरीही. दिल्ली गाठलीच, तर ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असे ऐकण्याची शक्यता मोठी. ज्या अनुच्छेदाला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटले, त्याची ही आजची अवस्था.

कोलंबियाने 1991 च्या राज्यघटनेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथल्या ‘तुतेला’ या तरतुदीनुसार मूलभूत हक्कावर गदा आली की कोणीही, वकिलाशिवाय, जवळच्या न्यायाधीशापुढे अर्ज करू शकतो. निकाल दहा दिवसांत द्यावा लागतो. आदेश न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला अटकही होऊ शकते. खालच्या न्यायाधीशांचे हे निकाल संविधान न्यायालयाकडे जातात आणि निवडक प्रकरणे ते पुन्हा तपासते.

जर्मनीत कार्ल्सरूहच्या संविधान न्यायालयात तक्रार करायला कोर्ट फी लागत नाही. वर्षाला हजारो तक्रारी येतात, यश शेकड्यात मोजक्यांनाच मिळते. पण आधी ज्या न्यायालयांत दाद मागावी लागते, तीही मूलभूत हक्कांनी थेट बांधलेली आहेत. त्यामुळे हक्काची भाषा पहिल्या पायरीवरच बोलली जाते.

कोलंबियाच्या वाटेवर काटेही आहेत. वर्षाला लाखो अर्ज येतात, न्यायालये दबून जातात, आणि औषध किंवा शस्त्रक्रिया मिळवायलाही लोकांना न्यायाधीशच गाठावा लागतो. मात्र या अर्जांच्या ढिगानेच आरोग्यव्यवस्थेचे दुखणे उघडे पाडले. 2008 मध्ये संविधान न्यायालयाने ती व्यवस्था सुधारण्याचे आदेश दिले. दार लांब असते, तर तक्रारी कमी दिसल्या असत्या. अन्याय तेवढाच राहिला असता.

आपल्याकडे असा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना द्यायचे म्हटले, तर आक्षेप येईल की जिल्हा न्यायालये आधीच तुंबलेली आहेत आणि घटनेचे प्रश्न खालच्या न्यायाधीशांवर सोपवणे धोक्याचे आहे. पहिली अडचण खरी आहे. जास्त न्यायाधीश नेमल्याशिवाय ती सुटणार नाही. दुसऱ्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागता येईल असे म्हटले होते. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी ते दार बंद केले. विरोधात उभे राहिले ते एकटे न्या. हंसराज खन्ना. न्यायालय वरचे असले म्हणजे धाडसही वरचढ असते, असे नाही.

यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. अनुच्छेद 32 च्या तिसऱ्या खंडानुसार संसद साधा कायदा करून इतर कोणत्याही न्यायालयाला त्याच्या हद्दीपुरते हे अधिकार, सगळे किंवा त्यातले काही, देऊ शकते. कायदे रद्द करण्याचा अधिकार वरच ठेवून, बेकायदा अटकेसारख्या कारवाईपुरता अधिकार जिल्हा न्यायाधीशाला देता येईल. घटना लागू झाली 1950 साली. तो कायदा संसदेने अजून केलेला नाही.