बीजाचे कवच आणि संरक्षणाची मर्यादा

कोथिंबीर पेरावयाची तर धणे तसेच मातीत टाकू नयेत, आधी रगडून दुभंगावे, हे परसात चार वाफे करणाऱ्या कोणासही ठाऊक असते. बाभळीचे बी कढत पाण्यात भिजत घालावे लागते. आणि शेळीच्या पोटातून गेलेले तेच बी सहज रुजते, हेही खेड्यातील जाणत्या माणसास सांगावे लागत नाही. ज्या बीजास आपण उगवण्यासाठी जपून ठेवतो, त्यासच प्रथम दुखवावे लागते, या विसंगतीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. तिचा विचार करू लागले असता मनुष्य वनस्पतिशास्त्रातून नकळत नीतिशास्त्राच्या अंगणात येऊन पोहोचतो, असा आमचा अनुभव आहे.

चिंचोका भाजून सोलला म्हणजे त्याचे तपकिरी टरफल निराळे होते. ते तुरट लागते, आणि हा तुरटपणा टॅनिन जातीच्या द्रव्यांचा होय. पुष्कळ बीजांच्या कवचात ही द्रव्ये कमीअधिक प्रमाणात साठविलेली असतात. त्यांच्या योगाने पाणी व प्राणवायू यांस आत शिरावयास अडथळा होतो, आणि बुरशीस व किडीस ते भक्ष्य नकोसे होते. विशेष हे की, हे कवच बीजाचे स्वतःचे नव्हे. आतील गर्भ माता व पिता या उभयतांचे अपत्य. कवच मात्र सर्वस्वी मातेच्याच देहाचा भाग. लेकरास परगावी धाडताना आईने आपली शाल त्याच्या अंगावर घालावी, तसाच हा प्रकार आहे.

ही शाल काढून घेतली तर काय होईल? मोहरीच्या कुळातील अराबिडोप्सिस नावाच्या एका लहानशा रोपट्याविषयी कोर्नीफ व त्यांचे सहकारी यांनी 2000 साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत याचे उत्तर सापडते. ज्या वाणांच्या कवचात ही द्रव्ये नव्हती, त्यांची बीजे लवकर जागी झाली. परंतु दीर्घकाळ साठविली असता तीच लवकर निर्जीवही झाली. गव्हाचीही गोष्ट अशीच. तांबड्या कवचाचा गहू सामान्यतः अधिक काळ निद्रिस्त राहतो. पांढऱ्या कवचाच्या गव्हास कापणीच्या सुमारास पाऊस लागला, तर ओंबीतच मोड फुटतात आणि हातातोंडाशी आलेला घास जातो. मनुष्याने पेरताच एकसारखे उगवणारे बी पिढ्यानुपिढ्या निवडले, आणि घाईची ही किंमत स्वतःच्या माथी घेतली.

येथपर्यंत वाचून एखादे वडील गृहस्थ समाधानाने म्हणतील, ‘आम्ही मुलांस बंधनात ठेवतो ते याचसाठी!’ त्यांचे म्हणणे सर्वथा खोटे नाही. पण आम्हांस त्यांच्यापुढे एक दुसरी हकीकत ठेवावयाची आहे. अमेरिकेतील मिशिगन येथे 1879 साली विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने वीस बाटल्यांत एकवीस जातींची बीजे भरून पुरून ठेवली. ठराविक काळाने एकेक बाटली उकरावी आणि काय उगवते ते पाहावे, असा त्याचा संकल्प. 2021 साली, म्हणजे 142 वर्षांनी, उघडलेल्या बाटलीतील थोडी बीजे रुजली. बहुतेक रुजली नाहीत. कोणते बी निजलेले आणि कोणते मेलेले, हे नुसते पाहून सांगणे कठीण होते. माती आणि पाणी दिले, तेव्हाच ते कळले.

‘अजून वेळ आलेली नाही, पात्रता येऊ द्या,’ हे वाक्य आपल्या समाजाने किती वेळा ऐकले! स्त्रियांनी शिक्षण मागितले तेव्हा, अस्पृश्यांनी देवळाचे दार ठोठावले तेव्हा, आणि 1947 पूर्वी देशाने स्वराज्य मागितले तेव्हाही हेच उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्यांस पात्रता मोजण्याचे कोणते साधन होते? पात्रता ही पाणी घातल्यावाचून दिसत नाही. आणि पाणी तर त्यांनीच अडविलेले होते. आज मुलीचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी असावे की नसावे, मुलाने बापाचा धंदा सोडावा की न सोडावा, असे प्रश्न घरोघर निघतात, तेव्हा हेच वाक्य प्रेमाच्या स्वरात पुन्हा उच्चारले जाते.

यावर कोणी आक्षेप घेईल की, सृष्टी ही काही धर्मशास्त्र नव्हे. झाडाचे वर्तन माणसास प्रमाण कसे? आक्षेप अगदी यथार्थ आहे. रानटी झाडाची काही बीजे कवचातच कुजली तरी झाडास त्याचे सुखदुःख नसते. इतर बीजांवर त्याचा वंश चालतो. आईबापांस असा हिशेब करता येत नाही, कारण प्रत्येक मूल हे त्यांचे एकुलते एक असते. म्हणून बीजापासून आम्ही आज्ञा घेत नाही. केवळ एक भेद शिकतो. कवच आणि तुरुंग या दोहोंच्या भिंती सारख्याच कठीण असू शकतात. परंतु कवच हे पावसाने, उन्हाने, मातीतील जीवजंतूंनी दिवसेंदिवस झिजावे अशाच रीतीने घडलेले असते. तुरुंगाच्या भिंतीची मात्र पहारेकरी दरसाल डागडुजी करतो.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी स्वतःस विचारावयाचा प्रश्न ‘आमचे बंधन कडक आहे की सैल?’ हा नव्हे. ‘गेल्या वर्षापेक्षा ते यंदा थोडे तरी झिजले आहे काय?’ हा आहे. अकाली कवच फोडणे हा घात खरा. पण पाऊस पडून गेल्यावरही ते शिवत बसणे हा त्याहून लहान घात नव्हे. आईची शाल थंडीपुरती असते. ऊन पडल्यावर लेकराने ती खांद्यावरून उतरविली, तर त्यात आईचा अपमान नाही. ती ज्यासाठी दिली होती, ते काम पुरे झाले इतकेच.