अमर्याद भोजन आणि मर्यादित उदर

सहलीच्या महानौकेवर प्रवासी एकदाच भाडे भरतो. मग मुख्य भोजनगृहांत हवे तितके अन्न त्याच्यासमोर मांडलेले असते. हे अमर्यादतेचे वचन व्यापाऱ्याला परवडते कसे? रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 2019 च्या हिशेबात अन्नखर्च सुमारे 58 कोटी 40 लाख डॉलर आणि प्रवासी-दिवस सुमारे 4 कोटी 48 लाख आहेत. म्हणजे दर प्रवाशामागे दिवसाला अवघे 13 डॉलर! घाऊक खरेदी हे एक कारण खरे. परंतु मूळ आधार निराळा आहे. उदराला सीमा असते, हे व्यापारी पक्के जाणतो. भोक्ता मात्र वाढून घेताना नेमके तेच विसरतो.

पोट भरते, वासना भरत नाही; तिने वाढून घेतलेले ताटात उरते. विशेष संरक्षित सागरक्षेत्रे सोडल्यास, असे उष्टे बारीक दळून किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडण्याची आंतरराष्ट्रीय नियमांत मुभा आहे. ‘मी पैसे मोजले आहेत,’ असे कोणी म्हणेल. मोजले खरे, पण ते जेवण्याचे. टाकण्याचा अधिकार त्या तिकिटात कोठून आला? जो सेवक ते अर्धे भरलेले ताट उचलून नेतो, त्याचेही जेवण त्याच 13 डॉलरांत धरलेले असते.